लाभलेला वळू

ताईच्या गोठ्यातल्या त्या कालवडीची नाळ वाळत नव्हती. वासरू जन्मलं की थोड्याच दिवसांत नाळ सुकते, काळी पडते आणि कुठंतरी पाचोळ्यात गळून जाते. तिच्याकडे कुणी बघतही नाही. हिची मात्र ओलीच राहिली होती. ताई रोज हळद-तेल लावायची आणि रोज सकाळी बेंबीपाशी पुन्हा ओल दिसायची.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. दौलताबादच्या किल्ल्याच्या मागच्या अंगाला तिचं शेत आहे आणि शेताच्या कडेला पत्र्याचा लांब गोठा. त्या रविवारी मी शहरातून, गारखेड्याच्या घरून सीताफळं खायला म्हणून गेलो होतो. मी शिकलो गुरांचा डॉक्टर, पण नोकरीची सगळी वर्षं गेली प्रयोगशाळेत, जनावरांच्या रक्तातून त्यांचा अनुवंश वाचण्यात. ताई चारचौघांत सांगते, "आमचा भाऊ डॉक्टर हाय, पन गायीचा नाय, गायीच्या रक्ताचा." आणि स्वतःच हसते. त्या दिवशी ती हसली नाही.

"बघ रे जरा हिला," ती म्हणाली. "दूध पिती, पन अंगाला लागंना."

मी कालवडीचं तोंड उघडून बघितलं. हिरड्यांवर पांढरट चट्टे होते. मानेला दाव्यानं खरचटलं होतं, ती जखम जुनी होती, पण भरून येत नव्हती आणि तिच्यात पूही नव्हता. पू नाही म्हटल्यावर लोकांना बरं वाटतं. मला वाटलं नाही. जखम झाली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथं धावत जातात, लढतात, मरतात, त्याचा पू होतो. या कालवडीच्या रक्तात पेशी भरपूर असणार, पण त्या शिरेतून बाहेर पडून जखमेपर्यंत पोचत नसणार. असं दुखणं मी पुस्तकात वाचलं होतं, परगावहून आलेल्या नमुन्यांत एकदोनदा पाहिलंही होतं. बहिणीच्या दावणीला बांधलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"हिच्या आईला कुठली कांडी भरली होती?" मी विचारलं.

"आपलीच," ताई म्हणाली.

कांडी म्हणजे वळूच्या गोठवलेल्या रेताची बारीक नळी. गाय माजावर आली की मोटारसायकलवरून माणूस येतो, नत्राच्या टाकीतून कांडी काढतो, गाय भरवतो आणि जातो. वळू कोण, कुठला, हे कुणाला दिसत नाही. कांडीवर त्याचा नंबर असतो, बस्स. ताईकडे पहिली एचएफ, म्हणजे काळी-पांढरी विलायती जातीची गाय आली तेव्हा तिला अशाच एका नंबराची कांडी भरली होती. तिला कालवड झाली. कालवड मोठी होऊन व्याली तर आईपेक्षा जास्त दूध. तेव्हापासून ताईचं ठरलं, की हा वळू आपल्याला लाभला.

लाभणं हा आमच्या घरचा मोठा शब्द आहे. एखादा दुकानदार लाभतो, एखादं बियाणं लाभतं, विहीर खोदणारा लाभतो. एकदा लाभला की त्याला सोडायचं नाही. त्या कालवडीला पुन्हा तीच कांडी, तिच्या कालवडीला पुन्हा तीच. म्हणजे बापाची कांडी लेकीला, आणि तिच्या लेकीलाही. तो माणूस दुसरी कांडी काढू लागला की ताई त्याला गोठ्यात पाऊल ठेवू द्यायची नाही. त्यानंही मग टाकीच्या तळाशी त्या नंबराच्या कांड्या खास तिच्यासाठी जपून ठेवल्या होत्या. वळू केव्हाच मरून गेला होता. वळूंची तपासणी काटेकोर व्हायला लागण्याआधीचा होता तो. तरी ताईच्या गोठ्यात दर हंगामाला त्याची लेकरं जन्माला येत होती.

मी दुसऱ्या दिवशी माणूस पाठवून कालवडीचं आणि दुभत्या गायींचं रक्त मागवलं. जे वाटलं होतं तेच निघालं. पांढऱ्या पेशींना शिरेबाहेर पडू देणारा एक जीन असतो. बहुतेक गायींमध्ये त्याची एक प्रत चांगली होती आणि एक बिघडलेली. एक चांगली असली की भागतं. गाय धडधाकट राहते, दूध देते, वेळेवर विते, कुणाला पत्ता लागत नाही. पण आई आणि बाप दोघंही असेच असले तर चारांतलं एखादं वासरू दोन्ही बिघडलेल्या प्रती घेऊन येतं. त्याची नाळ वाळत नाही.

हे सगळं मी ताईला सांगितलं. इतक्या वर्षांचा तिचा गोठा, तिचा मान त्यावर. मला वाटलं ती भांडेल. तिनं ओट्यावर बसून सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गायी विकाव्या लागत्याल व्हय?"

"नाही. फक्त वळू बदल. बाहेरचं रक्त येऊ दे. पण ज्या गाभण आहेत, त्या जुन्याच कांडीच्या आहेत. त्यांचं काय होईल ते होईल."

"मग बदलू की," ती म्हणाली. "त्यात काय येवढं? मेलेल्या बैलाची कशाला भीड धरायची."

इतकं सोपं होतं तिला ते. आठवड्याभरात कालवड गेली. ताईच्या मुलानं तिला बांधाकडेला पुरलं.

हा ताईचा मुलगा, माझा भाचा, खांद्यानं रुंद आणि बोलायला कमी. बापामागं त्यानंच दूध शहरात आणून घालायचा धंदा वाढवला. आमच्या गारखेड्याच्या घरीही सकाळचं दूध तोच आणतो आणि दूध घालायला जरा जास्तच वेळ लावतो, कारण दार माझी मुलगी उघडते. दोघं हसतात, काहीबाही बोलतात. माझी बायको स्वयंपाकघरातून मुद्दाम भांडं आपटते. यात लपवण्यासारखं काही नव्हतं. मुलगी जन्मली तेव्हाच ताईनं तिच्या मनगटात काळे मणी बांधून सांगून टाकलं होतं, "ही माझी सून." मामाची मुलगी आमच्याकडं आतेच्याच घरी जाते. ताई स्वतः आमच्या आत्याच्या मुलाला दिलेली. आमची आई म्हणजे वडिलांच्या सख्ख्या मामाची मुलगी. घरातली मुलगी लाभते, असं सगळे म्हणायचे आणि मीही कधी त्यावर विचार केला नव्हता. फक्त लग्नांत माझी धंद्याची खोड नडायची. गुरांचे कान, शिंगं, ठेवण बघत आयुष्य गेलेलं, त्यामुळं आमच्या मांडवात बसलं की मला पंगतीभर एकच नाक वाढताना आणि जेवताना दिसायचं. मी ते बायकोला सांगून हसवायचो.

कालवड गेल्यानंतर ते हसू गेलं. कारण हळद-तेलाचा तो वास मला आधीपासून माहीत होता, आणि कुठून ते आठवायला मला फार वेळ लागला नाही.

मी कॉलेजात होतो. ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी, पिशोरला आली होती. मुलगी झाली. सुट्टीत घरी गेलो तेव्हा आतल्या खोलीत तो वास भरलेला होता आणि आई दारात बसून शेजारणीला हलक्या आवाजात सांगत होती, "नाळच वाळंना बाई लेकराची. आमच्या थोरल्याचं असंच झालतं." आमच्या थोरल्याचं म्हणजे आमच्या सगळ्यांत मोठ्या भावाचं, जो ताईच्याही आधी जन्मला आणि दात यायच्या आत गेला. ताईची मुलगीही तशीच गेली. तिच्या कानामागं एक ओरखडा होता, तो शेवटपर्यंत तसाच होता. मी तेव्हा गुरांच्या डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला होतो. मला काहीच कळत नव्हतं.

गायीचं दुखणं माणसाला लागत नाही. पण तो जीन गायीत असतो तसा माणसातही असतो, आणि माणसातही तो तसाच बिघडू शकतो. पुस्तकात त्या पानावर एक ओळ आहे, की लेकरांमध्ये पहिली खूण म्हणजे नाळ फार दिवस न गळणं. ती ओळ मी कितीदा वाचली असेल. आता ती वाचली आणि पुस्तक मिटलं. बाहेर मुलगी भाच्याशी फोनवर बोलत होती, गच्चीवर फेऱ्या मारत. मला भीती वाटली, साधी, लहान मुलाला वाटते तशी.

दिवाळीनंतर ताई रीतसर बोलणी करायला आली. साडी, नारळ, खव्याचे पेढे, सगळं घेऊन आली होती. बायकोनं चहा टाकला. मी म्हणालो, "ताई, त्याआधी दोघांचं रक्त एकदा तपासून घेऊ."

"कशाचं रक्त?"

मी सांगितलं. जितकं हळू सांगता येईल तितकं हळू सांगितलं. कालवडीचं सांगितलं, आपल्या मोठ्या भावाचं सांगितलं. तिच्या मुलीचं नाव काढलं नाही, पण ती काही खुळी नाही. तिचा चेहरा बदलत गेला.

"माझा पोरगा काय वासरू हाय?" ती म्हणाली. "आन मी कोन? मी बी त्या गोठ्यातलीच की तुझ्या हिशेबानं."

"ताई, मी पण त्यातलाच आहे."

"तुला पोरगी द्यायची नसंल तर तसं सांग. शिकलाय, मोठा झालाय, शेणामुताच्या घरात पोरगी नको वाटती, तर तसं तोंडानं सांग. रक्ताचं कामून काढतो मधीच?"

चहा तसाच राहिला. पेढ्यांचा डबा मात्र ती विसरली नाही, उचलून घेऊन गेली. त्या रागातही मला ते बघून हसू आलं आणि लगेच रडूही आलं.

त्यानंतर भाचा दूध घालायचा, पण दारात थांबायचा नाही. मुलीला मी सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "बाबा, माझं रक्त आज घ्या. पण त्याला त्याच्या आईच्या मनाविरुद्ध दवाखान्यात नेणार नाही मी. आणि तुम्हीही नेऊ नका." ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. लग्नच करू नका, असं म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती, कारण तसं म्हणण्याची गरजही नव्हती. दोघांतला एक जरी नितळ निघाला तरी लेकराला धोका नाही. पण हे तपासल्याशिवाय कळणार कसं? आणि न तपासता लग्न लागलं तर मी आजोबा होईन त्या दिवशी पाळण्यात वाकून काय बघेन, हे मला आत्ताच दिसत होतं. मला झोप लागेनाशी झाली.

हिवाळ्याच्या शेवटी ताईच्या गोठ्यातल्या राहिलेल्या जनावरांचं रक्त घ्यायचं होतं. ताई माझ्याशी बोलत नव्हती, पण आमच्या माणसाला तिनं अडवलं नाही. तो बर्फाची पेटी घेऊन परत आला आणि म्हणाला, "ताईंनी एक नळी जास्तीची दिलीय. भाऊला म्हणावं, हिचंही बघ, म्हणाल्या. टॅग नंबर विचारला तर म्हणाल्या, टॅग नाय."

सगळ्या नळ्यांवर कानातल्या बिल्ल्याचे नंबर होते. त्या एका नळीला नुसता काळा दोरा गुंडाळलेला होता, घट्ट गाठ मारून. मला वाटलं, नवी घेतलेली एखादी गाय असेल, बिल्ला मारायचा राहिला असेल. बाकीच्यांबरोबर तीही लावली.

दुपारी निकाल पडद्यावर आला. प्रत्येक जनावराच्या रकान्यात चकाकत्या रेघा होत्या, दोऱ्याच्या नळीचा रकाना मात्र कोरा होता. असं होतं कधी कधी, हात चुकतो. पुन्हा लावली. पुन्हा कोरी. शेजारच्या टेबलावरची माझी सहकारीण म्हणाली, "सर, पाणी भरलंत की काय?" रक्त होतं. चांगलं लालभडक रक्त. यंत्र गायीचा तो जीन शोधत होतं आणि या रक्तात त्याला गाय सापडत नव्हती.

मी ती नळी रुमालात गुंडाळली. मग कोट काढला, कुणाला काही न सांगता गाडी काढली आणि दौलताबादचा रस्ता धरला.

ताई धार काढत होती. मला बघून उठली नाही. मी दोऱ्याची नळी तिच्यासमोर धरली.

"कुणाचं आहे?"

ती धार काढतच राहिली. चरवीत दुधाचा आवाज येत होता. "निघालं का काय त्याच्यात?" तिनं विचारलं.

"ताई, हे यंत्र गुरांचं आहे. माणसाचं त्यात कळत नाही."

"नाय कळत व्हय?" तिचा हात थांबला. "मला वाटलं, रक्त ते रक्त. आमच्या नर्सबाईकडून काढून घेतलं. पोराचं नाय ते. माझं हाय."

"मग मला सांगायचंस ना. मी नेलं असतं तुला दवाखान्यात."

"कोन्या तोंडानं सांगू? तुला येवढं बोलून आले." ती पदरानं हात पुसत उठली आणि गव्हाणीला टेकून उभी राहिली. गाय तिच्याकडं वळून बघत होती. "तुला ठावं नाय. तू कालिजात व्हता. पोरगी झाली तवा पाचवीच्या आधीच मी तिला न्हाऊ घातलं. आईला न विचारता. लई उकडत व्हतं, लेकरू कळवळत व्हतं. सासूबाई बघायला आल्या तर म्हनल्या, तू नाळंला पानी लागू दिलं. पोरगी गेली तवा बी त्याच म्हनल्या. सगळ्यांनी तेच म्हनलं. मी बी तेच धरून बसले." ती थांबली. "आता तू म्हनतो रक्तात असतंय. म्हंजी माझ्यात ते असंल, तर पोराचं कसं व्हईल त्याची फिकर. आन माझ्यात नसंल…"

"नसेल तर चांगलंच की, ताई."

"नसंल तर मग मीच मारली की रं तिला," ती म्हणाली.

इतकी वर्षं ती माझ्यासमोर हसली, भांडली, सीताफळं निवडून दिली, आणि हे आत ठेवून जगत होती. मी तिचा सख्खा भाऊ, आणि मला कळलं नाही. मी तिला जवळ घेतलं. तिच्या अंगाला दुधाचा, शेणाचा आणि हळद-तेलाचा वास येत होता.

शहरातल्या दवाखान्यात एक अनुवंशाच्या डॉक्टरीणबाई बसतात, तिथं मी तिला नेलं. त्यांनी तिचं रक्त बाहेरगावी पाठवलं. निकाल घ्यायला आम्ही सगळेच गेलो. ताई, मी, माझी मुलगी, आणि भाचा, तोही दूध घालून थेट आला होता. बाई कागद बघून नीट समजावत होत्या. एका प्रतीत बिघाड आहे, एक चांगली आहे. ते बाळ कशानं गेलं हे आज कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही, पण सगळी लक्षणं याच्याशीच जुळतात.

"म्हंजी पान्यानं नाय?" ताईनं विचारलं.

"पाण्यानं असं होत नाही," बाई म्हणाल्या.

ताई रडली. तोंडात पदर धरून, खांदे हलवत, मोकळं रडली. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी जुनं, जड असं उतरत होतं, ते मला दिसत होतं. मी खूश झालो, खोटं कशाला बोलू. आणि त्याच वेळी तिनं डोळे पुसून मान वर केली आणि दारापाशी उभ्या असलेल्या आपल्या मुलाकडं बघितलं. रुंद खांद्यांचा, कधी साधा आजारी न पडलेला मुलगा. मी गोठ्यातल्या धडधाकट गायींकडं जसा बघत होतो, तशी ती त्याच्याकडं बघत होती. तिचं रडणं थांबलं.

ती उठली, त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या सदऱ्याची बाही वर सारू लागली. तो लहान मुलासारखा उभा राहिला. खुर्चीवर बसलेल्या माझ्या मुलीनं स्वतःची बाही आधीच वर केली होती. त्यांचं झाल्यावर मीही हात पुढं केला.

निकाल अजून आलेला नाही. लग्नाची बोलणी थांबलेली आहेत, मोडलेली नाहीत. भाचा पुन्हा दारात जरा वेळ थांबतो, पण दोघं आता हसत नाहीत, नुसतं बोलतात. मधल्या काळात ताईच्या जुन्या कांडीच्या शेवटच्या गायी व्यायल्या. प्रत्येक वेळी ताई वासराच्या बेंबीकडं बघत बसायची आणि मला फोन करायची. काल सगळ्यांत शेवटी व्यालेल्या गायीच्या वासराची नाळ गळाली. तिनं ती पाचोळ्यातून शोधून काढली आणि मग मला फोन केला.

"वाळली रे हिची बी," ती म्हणाली. मागं गायी रवंथ करत असल्याचं ऐकू येत होतं. "आता आपल्या पोरांचं काय ते सांग."